बावीस हातांचा मचवा

शेकुवे मिस्त्रींनी आयुष्यात एकेचाळीस मचवे बांधले आणि एकाचाही कागद केला नाही. कागद पाण्यात पडला की विरघळतो, मचवा विरघळत नाही, एवढंच त्यांचं या विषयावरचं तत्त्वज्ञान होतं. बेचाळिसावा मचवा निम्म्यावर आला आणि सरकारने नियम काढला. यापुढे नव्या होडीची नोंदणी हवी असेल तर आधी तिचा नकाशा द्यायचा. तो कॉम्प्युटरवर काढलेला हवा, मापं मिलिमीटरमध्ये हवीत, आणि तपासणीच्या दिवशी होडी नकाशाशी तंतोतंत जुळायला हवी. नोंदणी न करता पाण्यात घातली तर जप्त.

हा नियम शुक्रवारच्या नमाजानंतर किनाऱ्यावर मोठ्याने वाचून दाखवला गेला, तेव्हा मिस्त्रींचे जावई अथमान मास्तर तिथेच उभे होते. ते तिथे नसते तर पुढचं काहीच घडलं नसतं, असं त्यांची बायको झुहुरा आजही म्हणते.

अथमान मास्तर आमच्या लामू बेटावरच्या शाळेत भूगोल शिकवतात. लग्नाला सतरा वर्षं झाली, पण सासरे त्यांच्या डोळ्याला डोळा भिडवून बोलल्याचं कुणाला आठवत नाही. "या मास्तर." "बरं आहे ना?" एवढं झालं की मिस्त्री मान खाली घालून रंधा मारायला लागायचे. रंधा मारायला लाकूड नसलं तर शोधून आणायचे. मास्तरांनी याचा आपल्या परीने अर्थ लावला होता. ज्या जावयाला खिळा सरळ ठोकता येत नाही, तो मिस्त्री माणसाच्या लेखी काय जावई? सतरा वर्षं ही गोष्ट त्यांना सलत होती. म्हणून नियम वाचून संपतो न संपतो तोच ते पुढे होऊन म्हणाले, "बाबा, नकाशा मी काढतो."

मिस्त्रींनी वर न बघता विचारलं, "तुम्हाला येतो?"

"प्रश्नच नाही."

प्रश्न होता. मास्तरांनी मोंबासाला दोन आठवड्यांचा कॉम्प्युटरचा वर्ग केला होता आणि त्याचं प्रमाणपत्र बाहेरच्या खोलीत काचेत बसवलं होतं, हे खरं. पण तो वर्ग परीक्षेचे निकाल तयार करण्याचा होता. नकाशे काढायचं सॉफ्टवेअर शेवटच्या दिवशी, दोन चहांच्या मध्ये, लांबून दाखवलं होतं. तरी मास्तरांचा आत्मविश्वास असा की, माणसाने एकदा जगाचा नकाशा फळ्यावर काढला की मचवा म्हणजे किस झाड की पत्ती!

वेळ मात्र थोडा होता. नोंदणीचे साहेब बेटावर तीन महिन्यांतून एकदा येत, आणि त्यांची पुढची फेरी सहा आठवड्यांवर होती. ती हुकली की दक्षिणेचा वारा सुटणार, समुद्र बंद होणार, आणि मचवा वाळूवर उन्हात पडून राहणार. नवं लाकूड असं वाळलं की फळ्यांच्या फटी उघडतात. मिस्त्रींचं वय अठ्ठ्याहत्तर. त्या फटी पुन्हा बुजवत बसायची ताकद त्यांच्यात उरली नव्हती, आणि हे सगळ्या किनाऱ्याला माहीत होतं.

आता कुणी म्हणेल, टेप घ्या, मचवा मोजा आणि काढा की नकाशा. पण आमच्याकडे अपुऱ्या मचव्याला लोखंडी टेप लावत नाहीत. आपण मोजला की समुद्रही त्याला मोजून ठेवतो, म्हणतात. तेव्हा मिस्त्रींनी मापं तोंडी सांगितली. लांबी बावीस हात, रुंदी सहा हात एक वीत, खोली तीन हात. मास्तरांनी ती एका नापास मुलाच्या उत्तरपत्रिकेच्या मागे लिहून घेतली आणि धक्क्याजवळच्या नुरूबाईंच्या दुकानात जाऊन बसले.

नुरूबाई झुहुराच्या शाळेतल्या मैत्रीण. दुकानात छपाई, फोटो, फॉर्म भरणं, सगळं त्या एकट्या बघत, आणि गिऱ्हाईक काय छापतंय ते वाचल्याशिवाय छापत नसत. मास्तरांनी चार दिवस घाम गाळून मचवा काढला. पुढचं टोक, मागचं टोक, डोलकाठी, सगळं बाकदार आणि देखणं. पाचव्या दिवशी छापायला दिला. कागद बाहेर आला. नुरूबाईंनी तो उजेडात धरला, उलटा केला, चष्मा पुसला.

"मास्तर, कागदावर डास मेलाय का हो?"

डास नव्हता, मचवा होता. मास्तरांनी बावीस लिहिलं होतं. बावीस काय, हे लिहिलं नव्हतं. सॉफ्टवेअरने आपल्या समजुतीने बावीस मिलिमीटर धरले आणि बोटाच्या पेराएवढा मचवा काढून दिला. यात यंत्राचा काही दोष नाही. आमच्या बेटावर नुसतं बावीस म्हटलं तर बावीस हातच असतात, हे त्याला कुणी सांगायचं?

"युनिट बदलायला पाहिजे," मास्तर गंभीरपणे म्हणाले. शोधता शोधता त्यांना युनिट बदलायचा रकाना सापडला. त्यांनी मिलिमीटर काढून तात्पुरतं मीटर केलं. आधी मोठा करू, मग बेताचा करू, असा विचार. पण मोठा झाला आणि वीज गेली. लामूत वीज गेली की ती कधी येईल हे विचारणं असभ्यपणाचं समजतात. मास्तर "आल्यावर बघतो, झालं की पाठवायचंच आहे," असं पुटपुटत घरी गेले. नुरूबाई कामाला पक्क्या. वीज पहाटे आली. त्यांनी उठून बघितलं, मचवा चांगला भरदार दिसत होता. त्यांनी तो नोंदणीच्या कार्यालयाला पाठवून दिला.

आठ दिवसांनी कार्यालयाचं पत्र आलं. मास्तरांच्या शेजारी स्वालेहभाई राहतात. बंदरात तीस वर्षं कारकुनी करून निवृत्त झालेले, त्यामुळे सरकारी पत्र उघडण्याचा पहिला हक्क आपला असं ते मानतात. त्यांनी ओट्यावर बसून, कॉफीचा पेला बाजूला ठेवून, खणखणीत आवाजात पत्र वाचलं. आपल्या बावीस मीटर लांबीच्या जहाजाबाबत कळवण्यात येते की, कप्तानाचे प्रमाणपत्र, दोन जीवरक्षक नौका, आग विझवण्याचा पंप आणि खलाशांसाठी दवाखान्याची खोली यांचा तपशील सोबत जोडावा.

"जहाज?" ओट्यावर एकच गलका झाला.

"माझ्याकडून आधीच सांगतो," स्वालेहभाई म्हणाले, "कप्तान बाहेरचा आणू नका. आपल्यातलाच घ्या."

दुपारपर्यंत गावभर झालं की शेकुवे मिस्त्री ओमानला जाणारं जहाज बांधतायत. दोघेजण बिछान्यासकट जागा धरायला किनाऱ्यावर गेले. संध्याकाळी मास्तर सासऱ्यांकडे पोचले, तेव्हा मिस्त्री मचव्यात उभे राहून इकडेतिकडे बघत होते.

"मास्तर," ते जमिनीकडे बघत म्हणाले, "दवाखान्याची खोली कुठे काढू? डोलकाठीच्या पुढे की मागे?"

धरणी दुभंगून पोटात घेईल तर बरं, असं मास्तरांना झालं. ते घरी येऊन न जेवता झोपले. झुहुराने उशाशी भाकरी आणि नारळाच्या रसातला मासा झाकून ठेवला, आणि सकाळी ताट रिकामं दिसलं तरी त्याबद्दल अवाक्षर काढलं नाही.

मग सल्ले सुरू झाले. स्वालेहभाई म्हणाले, "फुटात कर. इंग्रज गेला, फूट ठेवून गेला. हात म्हणजे दीड फूट. सोपं आहे."

"कुणाचा हात, भाई?"

"कुणाचा म्हणजे? हाताचा हात!"

"मिलिमीटरचं काम आहे. शास्त्रात अदमास चालत नाही." मास्तरांचा दुखावलेला अभिमान आता शास्त्राच्या आडोशाला जाऊन बसला होता.

शेवटी वाट नुरूबाईंनीच काढली. त्या सॉफ्टवेअरमध्ये म्हणे आपलं स्वतःचं युनिट करता येतं. नाव द्यायचं आणि ते किती मिलिमीटरचं ते लिहायचं. पुढची सगळी मापं त्या युनिटमध्ये लिहा, रूपांतर यंत्र करतं. मास्तरांना हे इतकं आवडलं की त्यांनी तिथल्या तिथे नुरूबाईंना सरबत पाजलं. युनिटचं नाव लिहिलं: हात. पुढचा रकाना होता, किती मिलिमीटर? तिथे रेघ लुकलुकत राहिली.

दुसऱ्या दिवशी झुहुराची शिवणाची टेप खिशात घालून मास्तर किनाऱ्यावर गेले. ऊन कलत होतं. मिस्त्री फळ्यांच्या सांध्यांत तेलात भिजवलेला कापूस ठोकत बसले होते.

"बाबा, तुमचा हात मोजायचाय. कोपरापासून मधल्या बोटाच्या टोकापर्यंत."

मिस्त्रींचा हातोडा थांबला. "माझा कशाला?"

"हातांनीच तर मोजलंय ना सगळं?"

मिस्त्रींनी हातोडा खाली ठेवला. मग म्हणाले, "हाताहातात फरक असतो, मास्तर."

"अगदी बरोबर! म्हणून तर तुमचाच मोजायचा." आणि मास्तरांनी प्रमाणित मापांचं महत्त्व या विषयावर पाच मिनिटं भाषण दिलं. सातवीच्या वर्गात ते पंचवीस मिनिटांचं असतं. मिस्त्री काहीतरी बोलणार होते, पण भाषणाला फट नव्हती. शेवटी त्यांनी मुकाट्याने बाही वर केली.

इथे थांबले असते तर ते अथमान मास्तर कसले! बसल्या बसल्या हात थरथरत होता, माप दरवेळी वेगळं यायचं. म्हणून त्यांनी सासऱ्यांना एका फळीवर आडवं झोपायला सांगितलं. हात अंगालगत सरळ ठेवायला लावला. तोंडावर ऊन येत होतं म्हणून मिस्त्रींनी डोळे मिटून घेतले. आणि मास्तर टेप घेऊन शेजारी गुडघ्यांवर बसले. डावा हात तीनदा मोजला, उजवा तीनदा मोजला, आणि प्रत्येक आकडा खालच्या आवाजात पुटपुटत लिहून घेतला.

त्याच वेळी जाळी घेऊन परतणारे चौघे कोळी लांबून चालले होते. त्यांना काय दिसलं? फळीवर आडवे शेकुवे मिस्त्री, डोळे मिटलेले, आणि शेजारी जावई खाली मान घालून माप घेतोय. कफनाशिवाय असं माप कुणी घेतं का? ते चौघे होते तसेच वळले.

दिवस मावळतानाच्या मगरिबच्या नमाजाला बातमी गावात होती. स्वालेहभाईंनी मशिदीतून तिरडी बाहेर काढून पुसून घेतली. शेजारणींनी झुहुराला दोन्ही बाजूंनी धरून रडत रडत किनाऱ्यावर आणलं. मागून सगळा गाव. मास्तर वाटेतच भेटले, खुशीत, कागद हलवत. "चारशे ब्याऐंशी!" ते लांबूनच ओरडले. लोकांना वाटलं, दुःखाने डोक्यावर परिणाम झाला. दोन जणांनी त्यांना धरून खाली बसवलं.

मिस्त्रींच्या झोपडीचं दार उघडं होतं. आत मयत माणूस भाजलेला मासा खात बसला होता. एवढी माणसं आणि पुढे तिरडी बघून त्यांनी काटा बाजूला काढला आणि विचारलं, "कोण गेलं?"

झुहुरा पुढचे तीन दिवस नवऱ्याशी एकच वाक्य बोलली, ते दिवसातून चारदा. "अहो, माझ्या बापाला जिवंतपणी फळीवर आडवं केलंत!"

पण आकडा मिळाला होता. एक हात म्हणजे चारशे ब्याऐंशी मिलिमीटर. मास्तरांनी नकाशा पुन्हा काढला. लांबी दहा हजार सहाशे चार. कार्यालयाकडून उलट टपाली कळलं की नकाशा मिळाला, जहाजाची फाईल बंद केली, तपासणीला येत आहोत. मास्तर त्या आठवड्यात रस्त्याने जरा ताठ चालत होते.

नोंदणीचे साहेब मुटुंगा. गाव लांब आतल्या कोरड्या मुलखातलं, त्यामुळे समुद्राची धास्ती. लाटेकडे पाठ करून उभे राहत आणि टेप मात्र घट्ट धरत. तोवर मचवा पुरा झाला होता, तेल पिऊन लखलखत होता, आणि पुऱ्या मचव्याला टेप लावायला काही हरकत नसते. साहेबांनी टेप लावली. एका टोकाला ते, दुसऱ्या टोकाला मास्तर, भोवती गाव. साहेबांनी आकडा वाचला. नकाशा बघितला. पुन्हा आकडा वाचला.

"नऊ मीटर सत्तर. नकाशात दहा मीटर साठ." त्यांनी मास्तरांकडे बघितलं. "नव्वद सेंटिमीटर कुठे गेले, मास्तर?"

पुन्हा मोजलं. तेच. रुंदीही कमी, खोलीही कमी. स्वालेहभाईंनी मागून सुचवलं की उन्हाने आखडला असेल. साहेब फाईल बांधायला लागले. "माझी बोट चारला सुटते. नकाशा चुकला असेल तर नवा काढा, मचवा चुकला असेल तर तो बघा. मी तीन महिन्यांनी येतोच. शिवाय मालकाचा रकाना कोरा आहे."

तीन महिने! मास्तरांना समोर बंद समुद्र दिसला, वाळूवरचा मचवा दिसला, आणि त्या घाबरगुंडीत तोंडातून निघून गेलं, "बाबा, तुमची मोजणी तर चुकली नसेल?"

बेचाळीस मचवे बांधलेल्या माणसाला हे असं, गावासमोर, आणि तेही जावयाने. मास्तरांना बोलल्या क्षणी जीभ चावावीशी वाटली, पण शब्द गेला तो गेला. त्या वेळी झुहुरा साहेबांसाठी आणलेल्या जेवणाची झाकणं काढत होती. तिच्या हातात झाकण तसंच राहिलं.

मिस्त्री मात्र रागावले नाहीत. ते हळूच उठले, हात झटकले आणि मुटुंगा साहेबांपुढे जाऊन उभे राहिले.

"मोजणी बरोबर आहे, साहेब. बावीस हातच आहे. हात माझा नाही."

"मग कुणाचा?"

"मालकाचा. आमच्यात मचव्याला मालकाचा हात लावतात. मिस्त्रीने स्वतःचा हात लावून बांधलेला मचवा फिरून मिस्त्रीच्याच दारात येतो. म्हणून तळाचा कणा टाकायच्या दिवशी मालकाच्या हाताएवढी काठी कापायची, आणि शेवटपर्यंत त्याच काठीने मोजायचं."

"अहो, मग मालक कोण?"

मिस्त्रींनी हनुवटीने दाखवलं. सगळ्यांच्या माना तिकडे वळल्या. तिकडे फक्त झुहुरा होती. तिने मागे वळून बघितलं. मागे समुद्रच होता.

"मी?"

"मागे तुला सुतळी धरायला लावली होती ना, कोपरापासून बोटापर्यंत? तेव्हाच माप घेतलं." मग मिस्त्री पुन्हा साहेबांकडे वळले. जावयाकडे त्यांनी तेव्हाही बघितलं नाही. "साहेब, तुमच्या गावाकडे काय रीत आहे ती मला ठाऊक नाही. इथे मुलीच्या लग्नात बाप तिला घर देतो. घर नाही झालं तर वरचा मजला देतो. अगदीच नाही तर एक खोली. मी काहीच देऊ शकलो नाही. हा माणूस सतरा वर्षं तिला घेऊन दुसऱ्याच्या घरात राहतोय. एकदा म्हणाला असता ना, की म्हाताऱ्या, माझं घर कुठाय, तर मला बरं वाटलं असतं. हा काही म्हणतच नाही. वर म्हणतो, बाबा, नकाशा मी काढतो. मी याच्यासमोर मान वर करायची ती कुठल्या तोंडाने?"

सासऱ्याकडून आपलं घर येणं आहे, हे सतरा वर्षांत मास्तरांच्या डोक्यातही आलं नव्हतं. भूगोल शिकवणाऱ्या माणसाला जगातल्या सगळ्या जागा दिसतात, ही एक दिसली नव्हती. त्यांना रडू येत होतं, आणि रडलो तर साहेबांची वेळ जाईल अशी काळजीही वाटत होती. झुहुराला अशी कसलीच काळजी नव्हती. ती बापाच्या खांद्यावर डोकं ठेवून रडत होती.

"भावना बरोबर आहेत," मुटुंगा साहेब घसा खाकरून म्हणाले, "पण नकाशा जुळायला पाहिजे." आणि त्यांनी घड्याळ बघितलं. दोन वाजून गेले होते.

मग जी धावपळ झाली! मास्तरांनी टेप घेतली. "अहो, इथे? सगळ्यांसमोर?" म्हणत झुहुराने डोळे पुसून हात पुढे केला. या वेळी कुणाला आडवं केलं नाही. चारशे एकेचाळीस. सगळी वरात नुरूबाईंच्या दुकानाकडे निघाली: पुढे मास्तर, मागे साहेब, त्यांच्या मागे जेवणाचा डबा घेऊन स्वालेहभाई, कारण साहेब अजून जेवले नव्हते.

नुरूबाईंनी सगळं ऐकून घेतलं. "एवढंच ना? मग मचव्याला हात कशाला लावता? तुमच्या युनिटचा तेवढा आकडा बदला." मास्तरांनी चारशे ब्याऐंशी खोडून चारशे एकेचाळीस लिहिलं. स्क्रीनवरचा मचवा सगळीकडून सारखा, अलगद आत आला. लांबी, नऊ हजार सातशे दोन. रुंदी जुळली, खोली जुळली. वीज होती. साहेबांनी उभ्या उभ्या सही केली, मालकाच्या रकान्यात झुहुरा शेकुवे असं लिहिलं, दोन घास खाल्ले आणि समुद्राकडे न बघता बोटीत जाऊन बसले.

गर्दी पांगली. मास्तर अजून स्क्रीनसमोरच बसून होते. बाजूचं स्टूल सरकल्याचा आवाज आला. शेकुवे मिस्त्री येऊन बसले होते, अगदी जवळ. त्यांनी बराच वेळ तो मचवा बघितला. मग विचारलं, "यात घर काढता येतं?"

"येतं, बाबा."

"मग काढ. आत्ता काही बांधायचं नाही. नुसतं बघू."

मास्तरांनी नवा कागद उघडला. हाताचं युनिट तसंच ठेवलं, आणि त्याच्या पुढच्या रकान्याशी आल्यावर थबकले. "हात कुणाचा धरू?"

"राहणार कोण?"

"आम्ही."

"मग मला काय विचारतोस?" म्हणून मिस्त्रींनी टेबलावरची टेप उचलली, जावयाची बाही स्वतःच वर केली आणि त्याचं कोपर आपल्या तळहातावर धरलं.

"सरळ ठेव," ते म्हणाले. "बोटं मिटू नकोस."